जावयाच्या शिट्टीवर चाललेली मॅच

हल्ली जो तो आपल्या गावच्या फुटबॉल मॅचच्या आठवणी लिहितो. काय ती ईर्षा, काय ते वातावरण, काय तो गुलाल. वाचणाऱ्यांचे डोळे पाणावतात म्हणे. मी अशी मॅच आयुष्यात एकदाच पाहिली, सत्तरच्या दशकात, कोयनानगरहून पलूसकडे जाऊन. डोळे माझेही भरले होते. निम्मे धुळीनं आणि निम्मे संतापानं.

आमचे हे कोयना प्रकल्पावर ओव्हरसीयर होते. आम्ही कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये राहायचो. माझं माहेर सातारा शहरात, सासर पलूसपासून आत, कृष्णाकाठच्या एका गावात. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथे अजून नातेवाईक आहेत आणि त्यांना अजून लवकर राग येतो. नदीच्या दोन काठांना समोरासमोर दोन गावं. आमचे ते अलीकडचे, दुसरे ते पलीकडचे, एवढं पुरे. दोन्ही गावांतली घराघरांतली माणसं मिलिटरीत. त्यांनीच सुट्टीवर येताना कधीतरी चेंडू आणला आणि चैत्रातल्या यात्रेला दोन गावांची मॅच सुरू झाली. तोवर ही गावं कुस्तीवरून भांडत होती. भांडायला आणखी एक निमित्त मिळालं, एवढीच काय ती प्रगती.

त्या वर्षी चैत्र लागल्यापासून यांचं एकच पालुपद, यंदा मॅचला जायचंच. नवा टेरिकॉटचा शर्ट शिवून घेतला. मैदानात हे उतरणार नव्हते, बांधावर बसून ओरडणार होते, तरी शर्ट नवा. मी जायला तयार झाले ती माझ्या नणंदेसाठी. शेवंतावन्संचं लग्न पलीकडच्या गावात झालं होतं. त्यांना सातवा महिना सरत आला होता आणि पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून त्यांना घरी आणायचं होतं. वर्षभर त्या माहेरी आल्या नव्हत्या. का आल्या नाहीत, हे यांनी मला धड सांगितलं नव्हतं.

कोयनानगर ते कराड एसटीनं. रस्ता पाटणपर्यंत नुसता वळणावळणाचा. उलटीचा त्रास असेल तर पुढची जागा धरा आणि पोटात काही ठेवू नका, हा सल्ला आजही लागू आहे. कराडच्या स्टँडवर भजी खाल्ली. तेल सकाळपासून तेच असावं, पण गरम होती. तिथून तासगावची गाडी धरून पलूसला उतरायचं. आता स्वतःची गाडी असेल तर अडीच-तीन तासांत पोचाल. आम्हाला सकाळची दुपार झाली. यांनी सगळ्या वाटेवर मला ऑफसाइड समजावून सांगितला. पलूसला उतरेपर्यंत माझी खात्री पटली, की तो यांनाही कळलेला नाही.

पलूसहून पुढे बैलगाडी. दोन्ही बाजूंना ऊस, काही शिवारं तोडून मोकळी, पाचट जाळल्याचा वास. त्या गाडीत बसल्यावर यांनी अखेर खरं काय ते सांगितलं. मॅचला बाहेरचा पंच आणला तर तो विकला गेला असं दोन्ही गावं म्हणायची. म्हणून पूर्वीच्या शहाण्या मंडळींनी तोडगा काढला होता. पंच असा हवा की जो राहायला एका गावात आणि जावई दुसऱ्या गावाचा. दोन्हीकडे बांधलेला माणूस खोटी शिट्टी मारणार नाही, असा हिशेब. आणि गेली काही वर्षं तो पंच म्हणजे शेवंतावन्संचे यजमान, आमचे दाजी. राहणारे पलीकडचे, जावई अलीकडचे.

मागच्या यात्रेत आमच्या पोरानं चेंडू मारला, तो मेढीच्या आतून गेला असं अलीकडचे म्हणत होते. गोलला जाळी नव्हती, बाभळीच्या दोन मेढी पुरल्या होत्या. दाजी म्हणाले, बाहेरून गेला. आमचे मॅच हरले. त्या दिवशी भावकीनं ठरवलं, की शेवंताला आणायला मुऱ्हाळी जाणार नाही. ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, सासरी असलेल्या लेकीला माहेरी न्यायला जो येतो तो मुऱ्हाळी. तो आल्याशिवाय लेकीनं आपण होऊन यायचं नाही, अशी रीत. पंचमीला कोणी गेलं नाही, दिवाळीला कोणी गेलं नाही. यंदा दाजींनी शिट्टी नीट मारली, म्हणजे आमच्या बाजूनं मारली, तर यात्रा झाल्यावर मुऱ्हाळी जाईल.

मी यांना विचारलं, तुम्ही सख्खे भाऊ, तुम्ही का गेला नाहीत? हे म्हणाले, ऊस माझ्या नावावर आहे पण पाटाचं पाणी भावकीच्या हातात आहे. कोयनेच्या धरणावर पाण्याचं मोजमाप ठेवणारा माणूस, आणि गावाकडच्या पाटाला एवढा भ्यायलेला. मी उसाकडे तोंड फिरवलं. गाडीवान ऐकत होता.

घरी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पुरण वाटत बसल्या होत्या. मला आत नेलं आणि कोनाड्यातला डबा उघडून दाखवला. डिंक, खारीक, खोबरं, सगळं जमवून ठेवलेलं. लाडू अजून वळले नव्हते. मॅच झाल्याशिवाय वळून काय करू, असं त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. जणू पाऊस पडल्यावर पेरायचं म्हणत होत्या. मला त्या डब्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी मटणाची जेवणं उरकून सगळं गाव गायरानात लोटलं. तुम्हाला अशा यात्रेला जायचं असेल तर छत्री न्या, पाणी न्या, आणि बायकामाणसं असाल तर आडोशाची सोय आधी बघून ठेवा. आयोजकांना ती सुचत नाही. मैदानाच्या एका अंगाला आमची हलगी, दुसऱ्या अंगाला त्यांची. दोन्ही एकदम वाजायच्या, त्यामुळे कुठलीच ऐकू यायची नाही. बायका बैलगाड्यांत बसलेल्या. माणसं बांधावर, झाडावर, एकमेकांच्या खांद्यावर. पोरं अनवाणी खेळत होती आणि सुट्टीवर आलेले जवान बाहेरून हिंदीत हुकूम सोडत होते. खेळणाऱ्यांपैकी कोणी ते ऐकत होतं असं दिसलं नाही.

आमच्या बाजूचा कर्ता माणूस म्हणजे एक निवृत्त हवालदार. यात्रेचा पुढारी तोच, भावकीत वडील तोच, पाटाच्या पाळ्या ठरवणारा तोच. खुर्ची टाकून मैदानाच्या कडेला बसला होता. मॅच सुरू व्हायच्या आधी त्यानं दाजींना बोलावून त्यांच्या गळ्यात हार घातला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "जावईबापू, लेकीची लय आठवण येती बगा गावाला." मागचे लोक हसले. दाजी हसले नाहीत. ते बारीक चणीचे, प्राथमिक शाळेतले मास्तर, गळ्यात तो हार आणि हारात अडकलेली शिट्टी.

खेळाबद्दल काय लिहू? धूळ उडाली की चेंडू कुठे आहे ते कळत नसे, धूळ बसली की तो उसात गेलेला असे. उसातून चेंडू आणायला दोन्हीकडचे धावायचे आणि आत थोडी मारामारी करून बाहेर यायचे. आमच्या यांनी एवढा आरडाओरडा केला की टेरिकॉट पाठीला चिकटला. कॉलनीत शेजाऱ्याशी मोठ्यानं न बोलणारा माणूस पलीकडच्या गोलकीपरच्या सात पिढ्या काढत होता. माझ्या शेजारी आत्याबाई बसल्या होत्या. त्या चेंडूकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर सारखी दाजींच्या मागे फिरत होती.

उन्हं कलली तरी गोल कुणाचाच नव्हता. मग पलीकडच्या एका उंच पोरानं चेंडू मेढीच्या रोखानं मारला आणि आमच्या हवालदाराच्या पुतण्यानं तो सरळ हातानं अडवला. माझ्यासारख्या अडाणी बाईलाही ते दिसलं. दोन्ही हलग्या थांबल्या. दाजी जागच्या जागी उभे राहिले. त्यांनी हवालदाराकडे पाहिलं नाही, आपल्या गावाकडेही पाहिलं नाही. आमच्या बैलगाडीकडे, आत्याबाईंकडे पाहिलं. माणसाला एवढा वेळ का लागतो आहे हे त्या गर्दीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाही त्याची लाज वाटत नव्हती.

त्यांनी शिट्टी मारली आणि आमच्या मेढीसमोरच्या जागेकडे बोट दाखवलं, म्हणजे पेनल्टी. उंच पोरानं गोल केला. आत्याबाई गाडीतून हळूच उतरल्या आणि घराकडे चालायला लागल्या.

पुढचं वर्णन इतर लोक फार रंगवून करतात, मी करणार नाही. सरहद्दीवर बंदुका घेऊन उभे राहणारे गडी एकमेकांना ढेकळं मारत होते. दाजींचा शर्ट फाटला, हार तुडवला गेला. पलीकडचे त्यांना खांद्यावर घेऊन नाचायला बघत होते आणि ते सुटायला धडपडत होते. गेल्या साली आमचा गोल नाकारला म्हणून त्यांना खांद्यावर घेणारेही हेच, आणि उद्या उलटी शिट्टी गेली तर दारात घाण टाकणारेही हेच. हवालदार खुर्चीवरून उठला, आमच्या यांच्यापाशी आला आणि म्हणाला, "ठरलंय त्ये ठरलंय. मुऱ्हाळी जायाचा न्हाई." हे आपल्या चपलांकडे बघत राहिले.

मी घरी गेले. आत्याबाई चुलीपुढे बसल्या होत्या. मी म्हटलं, मी जाते वन्संना आणायला. सुनेनं मुऱ्हाळी जायचं असं त्या घरात कोणी ऐकलं नव्हतं. चुलीतलं लाकूड मागे ओढत त्या म्हणाल्या, "पाणी गुडघाभरच हाय. जा."

चैत्रात तिथे कृष्णा चालत ओलांडता येते. दगड शेवाळलेले असतात, काठी घ्या. मी लुगडं वर खोचून पाण्यात उतरले. मध्यावर गेले तेव्हा मागून खळखळ ऐकू आली. हे चपला हातात घेऊन येत होते, भावकी काय म्हणेल ते पुटपुटत. मी थांबले नाही, पण आले ते बरं झालं.

वन्सं ओट्यावर बसून दाजींच्या खांद्याला हळद लावत होत्या. आम्हाला बघून उठायला लागल्या, पोटामुळे जमेना. मी म्हटलं, चला, न्यायला आलोय. वन्संनी भावाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"वैनी, मला तितं न्हाई यायचं," त्या म्हणाल्या. "माजं बाळतपान शिट्टीवर ठरिवत्यात. त्या गावात मी ल्योक-लेक काय जल्माला घालू?"

त्यांच्या सासूनं आतून सगळं ऐकलं होतं. ती बाहेर येऊन म्हणाली, माहेरचं माणूस दारात आलं, माझ्या लेखी रीत झाली, कुठं न्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मग मी कोयनेचं बोलले. कॉलनीत दवाखाना आहे, डॉक्टर आहे. पण भूकंपाचे धक्के अजून बसतात, भिंतीवरची भांडी पडतात, हेही सांगितलं.

"पडू द्यात," वन्सं म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पलूसहून गाडी धरली. वन्संसाठी पुढची जागा, खिडकीशी. कराडला मी यांना भजी आणायला पाठवलं आणि हे लगेच गेले, परत आले, पाणीही घेऊन आले. पाटणच्या वळणांवर वन्संना उलट्या झाल्या तेव्हा टेरिकॉटच्या शर्टाचा काय तो एकदा उपयोग झाला.

आठ-दहा दिवसांनी आत्याबाई एकट्या आल्या, डबा घेऊन. लाडू आमच्या स्वयंपाकघरात वळले. त्या वर्षी पाटाचं पाणी आमच्या उसाला दोन पाळ्या मिळालं नाही आणि ऊस वाळला. यांनी त्यावर एकदाही तक्रार केली नाही. त्या सबंध प्रवासातून मी यांच्याबद्दल चांगलं म्हणून आणलं ते एवढंच, आणि ते मला पुढे बरीच वर्षं पुरलं.

ज्येष्ठात वन्संना मुलगी झाली. बारशाच्या आदल्या दिवशी आमच्या क्वार्टरच्या दारात कोण उभा, तर हवालदार. इस्त्रीचे कपडे, हातात खणाची पिशवी. म्हणाला, गावानं पाठवलंय, झालं गेलं विसरा. बारशासाठी आलेले दाजी खुर्चीवर बसले होते, वन्सं बाळाला घेऊन पलंगावर. आत्याबाईंच्या चेहऱ्यावर एवढं बरं वाटलेलं दिसलं की मी चहाचं आधण ठेवलं.

"लेक झाली म्हनं," हवालदार बसता बसता दाजींना म्हणाला. "ब्येस झालं. आमच्या गावात द्या तिला. फुडच्या पंचाची सोय झाली." तो चेष्टा करत नव्हता. खरंच त्याच्या डोक्यात वीस वर्षांपुढची मॅच उभी होती.

वन्संनी बाळाच्या तोंडावरचं फडकं बाजूला केलं.

"आवं काका," त्या म्हणाल्या, "आदी तिचं त्वांड तर बगा."

तोवर त्यानं बाळाकडे पाहिलंच नव्हतं. मी आत जाऊन चहा न टाकताच आधण उतरवून ठेवलं.