मापट्याची जागा

निंगम्माचा फोन आला तेव्हा मी सलाईनच्या बाटल्या मोजत होते. म्हैसूरच्या एका खासगी रुग्णालयाचं स्टोअर मी सव्वीस वर्षं सांभाळते आहे, आणि मोजणी चालू असताना मी फोन घेत नाही. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा घेतला. "कावेरक्का होदरु," निंगम्मा कन्नडात म्हणाली. कावेरक्का गेल्या. दुपारी जेवून ओसरीवर आडव्या झाल्या आणि चारच्या कॉफीला उठल्याच नाहीत. मी डोक्यातला आकडा कागदावर लिहून ठेवला, स्टोअरच्या किल्ल्या सहकारिणीकडे दिल्या आणि हुणसूरची बस धरली. बसमध्ये मी रडत वगैरे नव्हते. आता त्या सहा घरांच्या किल्ल्यांचं काय करायचं, एवढाच विचार डोक्यात होता. याला सात आठवडे झाले.

कावेरीआत्या माझ्या वडिलांची चुलत बहीण. आमचं गाव हुणसूरच्या अलीकडे, मोठा रस्ता सोडून चार किलोमीटर आत, तंबाखूच्या शेतांमध्ये. आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत शिपाई होते. त्यांना तिथे जमीन मिळाली आणि गावाच्या एका टोकाला आमच्या लोकांची सात घरं झाली. गावात त्या रांगेला अजून 'मराठर बीदी' म्हणतात, म्हणजे मराठ्यांची गल्ली. फौज कधीच संपली, आणि गेल्या वीस वर्षांत गल्लीतली माणसंही संपली. कुणी म्हैसूरला आलं, कुणी बंगळूरला, एक कुटुंब तर दुबईला. यातल्या कुणीही 'घर सोडतो' असं म्हटलं नाही. मुलाच्या परीक्षेपुरतं, गुडघ्याच्या ऑपरेशनपुरतं, सुनेच्या बाळंतपणापुरतं असं म्हणून प्रत्येकाने कुलूप लावलं आणि किल्ली आत्याकडे दिली. महिन्याभरात परत यायचं असलं की माणूस जसं घर ठेवून जातो, तशीच ती घरं राहिली. दोरीवर टॉवेल, कोनाड्यात चष्मा, पाळण्याच्या कडीला अडकवलेला खुळखुळा.

आत्या लहान वयात विधवा झालेली. मूलबाळ नाही. एक म्हैस, थोडी शेती, आणि ही सहा घरं. तिचा नेम असा, की रोज एका घराचं कुलूप काढायचं, झाडायचं, पुसायचं आणि चूल पेटवायची. चूल स्वयंपाकासाठी नाही, धुरासाठी. कौलाखालच्या लाकडाला धूर मिळाला नाही तर वाळवी लागते, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. करत मात्र कुणी नाही. सहा घरं, सहा दिवस. "मग रविवारी सुट्टी काय?" मी एकदा विचारलं. "रविवारी माझं घर पुसू नको काय गे? ते काय पाप केलंय?" असं म्हणून ती कामाला लागली.

वडील आजारी असताना, नऊ वर्षांपूर्वी, मी एकदा तिच्या मागोमाग शेजारच्या घरात गेले. ते एका शाळामास्तरांचं घर. टेबलावर वह्यांचा गठ्ठा, त्यावर लाल पेन, टोपण उघडं. आत्याने पेन उचललं, पेनाखालची वही पुसली, पेन पुसलं, पुन्हा तसंच तिरकं ठेवलं. टोपण लावलं नाही. मी म्हटलं, "टोपण तरी लाव, शाई वाळली असेल." ती म्हणाली, "मास्तरांनी उघडं ठेवलंय नव्हे? मी कोण लावायला?" मग तिने मला तिची रीत सांगितली. वस्तू एका हाताने उचलायची, दुसऱ्या हाताने जागा पुसायची, आणि वस्तू तिथेच ठेवायची. मध्ये दुसरीकडे खाली ठेवायची नाही. "खाली ठेवलीस की विसरलीस. अष्टे." अष्टे म्हणजे एवढंच. तिचं बहुतेक बोलणं या शब्दावर संपायचं. मी मनात म्हटलं, बाईला दुसरं काम नाही.

त्या वर्षी वडील गेले. आई दोन वर्षं आधीच गेली होती, आणि मी एकुलती एक. महिन्याभराने एका शनिवारी मी रजा काढून गावी गेले आणि एका दिवसात घर रिकामं केलं. अशी कामं मला जमतात. हुणसूरहून भंगारवाल्याचा टेंपो बोलावला. खाट, ट्रंका, डबे, बरण्या, छत्र्या, आईची विळी, बाबांचा दाढीचा आरसा, जुनी कॅलेंडरं, सगळं चढवलं. आत्या तेव्हा म्हैस घेऊन शेताकडे गेली होती. ती नसतानाच काम उरकलेलं बरं, असा हिशेब मी केला होता हे मान्य करते. स्वतःसाठी एकच वस्तू घेतली, आईचं तांदूळ मोजायचं पितळी मापटं. आठवण म्हणून नव्हे. ऑफिसात पेनं ठेवायला काहीतरी हवं होतं. संध्याकाळी भंगारवाला दोऱ्या आवळत असतानाच किल्ली निंगम्माकडे दिली (ती समोर राहते, आत्याची मैत्रीण) आणि सहाच्या बसने म्हैसूरला परत आले.

त्यानंतर वर्षातून दोनदा मी आत्याला भेटायला जायचे. तिच्या ओसरीवर तासभर बसायचे. त्या टेंपोबद्दल ती एक शब्द कधी बोलली नाही. मला वाटलं, तिला पटलं असावं. फक्त तिच्या घरात काही बदल दिसायला लागले. न्हाणीतला मोठा तांब्याचा हंडा दिसेना. "गळायला लागला गे, सुम्ने जागा अडवून बसला होता," ती म्हणाली. सुम्ने, म्हणजे उगाचच. मी तिला प्लॅस्टिकचा निळा ड्रम नेऊन दिला आणि स्वतःवर खूश झाले. मग कॉफी. आत्याची कॉफी म्हणजे पितळेच्या फिल्टरमधून थेंब थेंब उतरलेली, गावात नाव असलेली. ती एकाएकी फडक्यातून गाळून मिळायला लागली, तळाला चोथा. "फिल्टर कुठे गेला?" "हरवला." "घरातल्या घरात फिल्टर कसा हरवतो, आत्या?" "तू म्हैसूरात छत्री हरवत नाहीस काय? गप पी."

आमच्या घराच्या कौलांतून दर गुरुवारी धूर निघायचा. एकदा मी गुरुवारीच गेले होते. मी म्हटलं, "रिकाम्या घराला धूर कशाला देत बसतेस?" ती म्हणाली, "घर आहे नव्हे गे? उपाशी ठेवू?" मग म्हणाली, "आत बघून येतीस?" मी म्हटलं, "चार भिंती काय बघायच्या? माझी बस चुकेल." "बस काय, मत्ते येतंय," ती म्हणाली. पुन्हा येते की. पण मी उठलेच होते... नऊ वर्षांत तिने मला हे तीनदा विचारलं असेल. तिन्ही वेळा माझी बस होती.

या उन्हाळ्यात बंगळूरच्या एका माणसाने आमची जागा मागितली. त्याला घर नको होतं. ते पाडून तिथे सुट्टीत येऊन राहायला बंगला बांधायचा होता. मी होकार दिला आणि आत्याला फोनवर कळवलं. ती म्हणाली, "एकदा येऊन बघ आधी. मग काय करतीस ते कर." मी म्हटलं, पुढच्या महिन्यात येते. पुढच्या महिन्यात गेले ती तिला पोचवायला.

तेरावं झालं. निंगम्माने किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला. बंगळूरचा माणूस दुसऱ्या दिवशी जागा बघायला येणार होता, म्हणून कुठे काय पडलं-झडलं आहे ते पाहावं असं म्हणून मी आमचं दार उघडलं. रिकाम्या घरात पाऊल घुमतं. ते घुमलं नाही. डोळे अंधाराला सरावले, आणि मी उंबऱ्यातच उभी राहिले.

घर भरलेलं होतं. बाबांची खाट खिडकीखाली. खाटेखाली ट्रंक, कडी भिंतीकडे. खुंटीवर दोन छत्र्या, मोठी मागे, लहान पुढे. खिडकीच्या गजाला दाढीचा आरसा, बाबांच्या उंचीला. भिंतीवर त्या वर्षीचं कॅलेंडर, बाबा गेले त्या महिन्यावर उघडलेलं. मी एकेक वस्तू माझ्या हाताने टेंपोत चढवली होती. एक क्षण वाटलं, आपण ते काम केलंच नाही, ठरवलं फक्त. मी कधी घाबरत नाही. तेव्हा दाराची चौकट धरली.

निंगम्मा मागून आली होती. तिने ओसरीवर बसून सगळं सांगितलं. त्या शनिवारी आत्या म्हैस घेऊन परत येत होती. गावाच्या वेशीपाशी, पिंपळाखाली, समोरून टेंपो आला आणि त्याच्यावर तिला भावाची खाट दिसली. तिने म्हैस रस्त्यात आडवी उभी केली. भंगारवाला म्हणाला, "अज्जी, सामान माझं झालंय." आत्या म्हणाली, "झालंय की. तुला तांबं पाहिजे की मोडकी खाट, ते बोल." तांब्याचा हंडा गेला, दोन घागरी गेल्या. तरी तो अडून बसला, तेव्हा तिने घरात जाऊन पितळेचा कॉफी फिल्टर आणला. टेंपो तिथेच रिकामा झाला. निंगम्माच्या बैलगाडीतून सामान परत आलं. लावायला मात्र तीन दिवस लागले. आत्या खोलीच्या मधोमध पाटावर बसायची, डोळे मिटायची, मग बोट करायची, "ती बरणी तिकडे." निंगम्मा ठेवायची. चार बोटं सरकव, म्हणायची. ती सरकवायची.

"मग मला का नाही सांगितलं?" मी विचारलं. "आम्ही म्हटलं सांगा म्हणून," निंगम्मा म्हणाली. "तर म्हणाल्या, पोरीला लाज वाटेल. पोरगी वाईट नाही, घाईत असते. अष्टे."

मी सव्वीस वर्षं स्टोअर सांभाळलं आहे. माझ्याकडे रजिस्टर आहे, संगणक आहे, प्रत्येक फळीवर चिठ्ठी आहे, आणि तरी मोजणीत काहीतरी चुकतंच. म्हणून मी आत्याची चूक शोधायला आत गेले. हे आता विचित्र वाटतं, पण मला दुसरं काही सुचलं नाही. स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्यातला चमचा डाव्या अंगाला होता. बरोबर, आई डावखुरी. कान तुटलेला कप असा ठेवलेला, की तुटका भाग भिंतीकडे. बरोबर. मग विळी दिसली, ओट्यावर. सापडली चूक, मी म्हटलं. आई विळी चुलीशेजारी जमिनीवर ठेवायची, मी जन्मभर पाहिलंय... आणि मग आठवलं. शेवटची दोन वर्षं आईला जमिनीवर बसता येत नव्हतं. विळी ओट्यावर गेली होती. त्या दोन वर्षांत मी सगळे मिळून आठ-दहा दिवस आले असेन. आत्या रोज येत होती.

तांदळाच्या पिंपावरची फळी शेवटी पाहिली. ओळीने डबे, आणि मध्ये एक पितळी झाकण, एकटंच, कशावरही नसलेलं. आमच्या घरात असलं झाकण नव्हतं, ते आत्याच्या कॉफी फिल्टरवर असायचं. मी ते उचललं. नऊ वर्षांच्या धुराने फळी काळी झाली होती आणि झाकणाखाली लाकडाचं स्वच्छ, फिकट वर्तुळ होतं. ते कशाचं ते कळायला मला वेळ लागला नाही. तिथे मापटं असायचं. घरातली तेवढी एक वस्तू टेंपोत नव्हती. ती माझ्याकडे आहे, हे आत्याने ओळखलं होतं. भंगारवाल्याला फिल्टर देताना तिने त्याचं झाकण काढून घेतलं होतं, आणि ते त्या जागेवर ठेवलं होतं, जागा काळी पडू नये म्हणून. नऊ वर्षं दर गुरुवारी ते उचलून, पुसून, परत ठेवलं होतं. तेव्हा मी हातात झाकण धरून तशीच उभी होते. ते दुसरीकडे खाली ठेवायचं मला धैर्य झालं नाही.

बंगळूरच्या माणसाला मी त्याच संध्याकाळी फोन केला. म्हटलं, घर रिकामं नाही. "पण तुम्हीच म्हणाला होता," तो म्हणाला. म्हटलं, माझी चूक झाली, आत सामान आहे. "मग काढून घ्या, किती दिवस लागतील?" म्हटलं, सांगता येणार नाही, आणि फोन ठेवला. मी घर कायमचं राखीन असा शब्द मी कुणाला दिलेला नाही. बाकीच्या पाच कुटुंबांना फोन केले आहेत. दोघं येतो म्हणाले, मास्तरांची मुलगी फोनवर रडली, तिला म्हटलं रडू नको, ये. तोवर आठवडाभर निंगम्मा धूर देते आणि रविवारी मी जाते. ओल्या लाकडाचा धूर माझ्या डोळ्यांना सोसत नाही. आत्याला कसा सोसत होता, ते विचारायचं राहिलं.

त्यानंतरच्या रविवारी मी मापटं घेऊन गेले. वर्तुळावर ठेवलं, केसभरही इकडेतिकडे नाही. झाकण पिशवीत घालून म्हैसूरला आणलं. आता पेनं एका काचेच्या बरणीत असतात, आणि माझ्या टेबलावर मापट्याच्या जागी ते झाकण आहे. त्याच्यावर काही नाही, त्याच्याखाली काही नाही. झाडायला येणारी बाई रोज विचारते, "मॅडम, हे टाकू का?" मी नको म्हणते आणि तेवढी जागा मीच पुसते. एका हाताने झाकण उचलते, दुसऱ्या हाताने टेबल पुसते, आणि तिथेच ठेवते.