साडूभाऊंचं अंडं

कुठल्याही विषयावरून तीन वाक्यांत अंड्यावर येणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच असेल, आणि ते नेमके माझे साडू आहेत. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले, पण शिकवायचे थांबले नाहीत. फक्त विद्यार्थ्यांच्या जागी आम्ही आलो. करमाडच्या एका लग्नात पंगत बसली होती. शेजारी नवरदेवाचे मामा. साडूभाऊंनी त्यांना धरून सांगायला घेतलं, की अंडं फलित झालं तरी पिल्लाचे स्वतःचे जीन आधी झोपलेलेच असतात. सगळा कारभार आईनं अंड्यात भरून दिलेल्या शिदोरीवर चालतो, माशात काही तास, माणसात तीनेक दिवस. मग शिदोरी सरत येते आणि पिल्लाला आपले जीन चालू करावेच लागतात. एवढं होईतो पंगत उठली. मामांच्या पानातलं वरण तसंच होतं.

पुंडलिकनगरला त्यांच्या घरी मुक्काम म्हणजे तर शिक्षाच. हॉलभर माशांच्या टाक्या. हे मासे पहाटेचा उजेड दिसला की अंडी घालतात, म्हणून पडदा साडूभाऊ सांगतील तेव्हाच उघडायचा. एकदा मध्यरात्री चष्मा सापडेना म्हणून मी दिवा लावला. माशांनी वेळेआधीच अंडी घातली आणि साडूभाऊ दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तेवढेच दोन दिवस काय ते सुखाचे गेले.

लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर माझ्या मुलीनं टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार घेतला. तीन गर्भ प्रयोगशाळेत वाढत होते आणि ती आमच्याकडं राहिली होती. बायकोला मी बजावलं होतं, तुझ्या बहिणीच्या नवऱ्याला यातलं काही कळता कामा नये. कळलंच. ते चिकलठाण्याला आमच्या घरी येऊन बसले, आणि गर्भांचा तिसरा दिवस उजाडल्यापासून गप्प झाले. त्या गप्प बसण्याचाही मला संताप आला. पाचव्या दिवशी दवाखान्यातून फोन आला. तिन्ही गर्भ तिसऱ्या दिवसाच्या पुढं वाढलेच नव्हते.

मुलीनं माझ्याकडं पाहिलं नाही, आईकडंही नाही. तिनं त्यांना विचारलं, "काका, माझंच काही कमी पडलं का?"

"नाय बाई," साडूभाऊ म्हणाले. "तिथवर सगळं आईच करती. तू तिघांनाबी तिथवर नीट आणलंस. पुढचं त्यांचं त्यांना चालू करायचं होतं, ते जमलं नाय."

ती त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. ते आणखी काही सांगतील म्हणून मी वाट पाहत होतो. त्यांनी तासभर बोलावं असं मला त्या दिवशी फार वाटत होतं, पण ते तिच्या डोक्यावर हात ठेवून नुसते बसून राहिले.