सोवळ्यांनी पास केलेली ओळ

माझा कोड उघडण्याआधी सोवळे खिशातून रुमाल काढून नाकाला लावायचे. थट्टा म्हणून नव्हे, त्यांना खरंच किळस यायची. आणि मला किळस यायची ती त्या रुमालाची, कारण तो मुळात पांढरा होता हे फक्त त्यांनाच माहीत असावं.

सौदीत, यान्बूच्या एका प्लांटवर आम्ही दोघं एकाच कंत्राटदार कंपनीत होतो. ते पुण्याचे, साठीला टेकलेले, जुने प्रोग्रॅमर. मी नाशिकचा इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर, एक्सेलला वैतागून आपलं आपण पायथन शिकलेला. ‘सोवळे’ हे नाव इथल्या चार मराठी घरांनी ठेवलेलं, आणि ते उपरोधानेच. नखांत मळ, कॉलरला तेलकट कड. खुबूस, म्हणजे इथली रोटी, चहात बुडवून खाताना तुकडे कीबोर्डवर पडायचे, ते बोटाने टिपून पुन्हा तोंडात. एकदा आमच्याकडे जेवायला आले, तर ते गेल्यावर बायकोने सोफ्याची खोळ काढून धुवायला टाकली. पण या माणसाचा कोड वाचायला घ्यावा, तर सारवलेलं अंगण!

माझा कोड म्हणजे उकिरडा होता, हे आज मान्य करायला हरकत नाही. तीनशे ओळींचं एकच फंक्शन. फाइलींची नावं ‘फायनल’, ‘फायनल न्यू’, ‘फायनल खलास’. ते बघून सोवळे म्हणाले होते, “अरे, ही फाइल खलास व्हायच्या आधी तू होशील.”

त्यांचा नियम एकच, आधी आंघोळ, मग दर्शन. ओळी, जागा, कंस नीट लावून देणारा फॉरमॅटर आणि कोडातल्या खोडी दाखवणारा लिंटर, ही दोन्ही टूल्स चालवल्याशिवाय ते फाइलीकडे बघत नसत. लिंटरने काढलेल्या चाळीस-पन्नास चुका बघून मी चिडलो की म्हणायचे, “ही मोलकरीण नाही, सासू आहे. ती बोलणारच. गुमान ऐकून घे.”

ड्यूटी संपल्यावर, कंपनीच्या बसला अर्धा तास असायचा. तेवढ्यात ते मला शेजारी बसवून कोड मोठ्याने वाचायला लावत. दम लागला की तिथे फंक्शन तोडायचं. एका फंक्शनने एकच काम करायचं. नाव ऐकून काम कळलं नाही तर नाव बदलायचं. त्यांच्या तोंडाचा वास, चहाचे भुरके आणि पलीकडे हसणारी ऑफिसातली पोरं, यांनी मला शिसारी यायची. तरी मी बसायचो, कारण सहा महिन्यांत माझे प्रोग्रॅम मलाच कळायला लागले होते. दुसऱ्या कुणी मला इतकं शिकवलेलं नाही.

मग माझ्याकडे सकाळच्या यादीचं काम आलं. कुठली वाफेची लाइन थंड झाली आहे आणि फिटरने उघडायला हरकत नाही, हे माझा प्रोग्रॅम सेन्सरची रीडिंग्ज घेऊन सांगणार होता. लाइनपाशी जाऊन गेज बघायचा नियम होताच. पण ऑगस्टच्या उन्हात तो नियम कोण पाळतो? लोक यादीवरच विसंबायला लागले.

त्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ होती, सेन्सरकडून रीडिंग आलं नाही तर एरर गिळायची आणि पुढे जायचं. म्हणजे सेन्सर मुका झाला तर यादीत जुनाच आकडा राहणार. लिंटरने ती ओळ पकडली. सोवळ्यांनी रुमालाआडून बोट ठेवलं. “ही काढ. कोड ओकला तरी चालेल, गिळता कामा नये.”

मी ती काढली नाही. काढली की प्रोग्रॅम रोज कुठे ना कुठे अडकायचा, आणि मॅनेजर डोक्यावर बसला होता. मी त्या ओळीच्या शेवटी एक छोटी खूण टाकली. ‘या ओळीकडे दुर्लक्ष कर’ असं लिंटरला सांगणारी खूण असते, ती. सासूच्या तोंडात बोळा कोंबला म्हणा ना. सगळीकडे हिरवे टिकमार्क आले. सोवळ्यांनी ते टिकमार्क बघितले, पहिल्यांदाच रुमाल खिशात ठेवला, “आलास माणसात,” म्हणाले आणि ती ओळ पुन्हा न बघता कोड पास केला. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. त्या वेळी मला नुसतं सुटल्यासारखं वाटलं.

तीन आठवड्यांनी सलीम नावाच्या फिटरने यादीत ‘थंड’ असलेली लाइन उघडली. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. दवाखान्यात तो एकच वाक्य बोलत होता म्हणे, “साहब, लिस्ट में तो ठंडी लिखी थी।”

मॅनेजरने रिपोर्ट तयारच ठेवला होता. सेन्सर बिघडला, बस्स. माझ्या डोळ्यांपुढे इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, आला, मुलीची दहावी आली. मी सही केली. सोवळ्यांचीही सही हवी होती, कारण कोड त्यांनी तपासलेला. त्यांनी रिपोर्ट वाचला आणि खाली स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘सेन्सर बंद पडला हे खरं. पण प्रोग्रॅमने ते लपवलं. ती ओळ मी पास केली.’ माझं नाव नाही, त्या खुणेचा उल्लेख नाही. मॅनेजरने कागद परत ढकलला, “यल्ला, चला, हे खोडा.” त्यांनी खोडलं नाही. महिन्याभरात त्यांना फायनल एक्झिट मिळाली, म्हणजे कायमचं भारतात परत.

विमानतळावर मी माझ्या गाडीने सोडलं. वाटेत ते शेंगदाणे खात होते, सालं सीटवर सांडत होती. मला राहवेना. म्हणालो, “काका, तुम्ही माझं नाव का नाही लिहिलंत?”

“ते तू लिहायचंस,” एवढंच म्हणाले. मग उतरताना, “सलीमला भेटलास?”

भेटलो नव्हतो. त्यांची गाडीत पडलेली सालं मी त्याच दिवशी झाडून काढली. आज आमच्याकडे नवा कुणी आला की त्याला माझा कोड दाखवतात, स्वच्छ कोड कसा असावा म्हणून. 

सोवळे गेल्यानंतरच्या शुक्रवारी फळं घेऊन मी कामगारांच्या कॅम्पवर गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. सलीमच्या हातावरची कातडी गुलाबी, चकचकीत झाली होती, बोटं मिटत नव्हती. त्याने डाव्या हाताने खजुराचा डबा पुढे केला.

“वो बूढ़े साहब आए थे,” तो म्हणाला. “हाथ जोड़ के माफ़ी माँगी। बोले, गलती मेरी है। आप तो उनके साथ बैठते थे ना, साहब? इतने पढ़े-लिखे आदमी से ऐसी गलती हुई कैसे?”

मी खजूर तोंडात टाकला.

“उम्र हो गई थी उनकी,” मी म्हणालो.