शेळीची कविता

कुवेतमधल्या आमच्या मंडळाच्या स्मरणिकेत मुलांचं पान असतं. यंदा त्यासाठी मी पणजोबांची शेळीवरची कविता दिली. शंभर वर्षांपूर्वी, ते चौथीत असताना, ती शाळेच्या मासिकात छापून आली होती. पुढे त्यांची शाळा सुटली. घरातली पहिली पदवीधर मीच.

सलवा भागात एकांच्या घरी अंकाची बैठक होती. संपादक बाई म्हणाल्या, “ताई, फारच बाळबोध आहे हो. बाकी मुलांची लेव्हल बघा!”

मी भडकलेच. “लेव्हल असणारच! त्या कविता आईबापांनी लिहिल्यात. ही तेवढी मुलाने लिहिलीय.”

माझ्या मुलीच्या नावावरची कविताही मीच लिहिली होती. ती सगळ्यांसमोर फाडली आणि म्हटलं, “हिच्या जागी शेळी छापा.”