तलवार गेली, म्यान राहिले

महिन्याची पहिली तारीख होती. मुद्देमालाच्या खोलीत बसून मी जप्त वस्तूंवरची लेबले नोंदवहीशी ताडून पाहत होते. हे काम मी कधी कोणावर सोपवले नाही. तेवढ्यात ठाणे अंमलदार दारात येऊन म्हणाले, "मॅडम, रणबाबाची तलवार चोरीला गेली." तो दिवस मी विसरलेले नाही, कारण त्या दिवशी माझ्या हातून एक चूक झाली आणि सुदैवाने ती वेळेत सुधारता आली.

रणबाबा हा आमच्या हद्दीतल्या तापीकाठच्या एका गावचा लढाईचा देव. चाल करून आलेल्या राक्षसांसमोर त्याने तलवारीने वाळूत रेघ ओढली आणि तापी त्या रेघेवरून वळली, अशी कथा सांगतात. त्या तलवारीला गंज चढत नाही, असे सगळे मानतात. वर्षभर ती म्यानात, कुलपात असते. फक्त जत्रेला उपसून उन्हात धरतात. पाते लखलखले की वर्ष चांगले. जत्रा तीन दिवसांवर आली होती.

म्हातारे पुजारी पडल्यामुळे नंदुरबारला दवाखान्यात होते. त्यांच्या जागी पूजा करणाऱ्या पुतण्याने म्यान उचलले, ते हलके लागले. आत तलवार नव्हती. त्याने फिर्याद दिली आणि तासाभरात बातमी मोबाइलवरून गावोगाव गेली.

दुपारी एका चहावाल्याने खबर दिली. बाजारातला शिकलगार, म्हणजे पात्यांना धार लावणारा मुसलमान कारागीर, गोणपाटात काहीतरी लांब गुंडाळून त्या गावाहून येताना दिसला होता. मी पंचांसह त्याच्या दुकानावर गेले. तेलकट फडक्यातली तलवार लगेच मिळाली. भर बाजारातून त्याला जीपमध्ये बसवून ठाण्यात आणले. माझी चूक ती हीच.

"कुठून आणली?"

"देऊळमाईन."

"कोणी दिली?"

त्याने हातावरचे तेल सदऱ्याला पुसले.

"चाचा, बाहेर गर्दी पाहिलीत ना?"

"देखी. पन बापनी जबान दिधेल शे, मॅडम. ती मी तोडाव नही."

बाहेर आरडाओरडा वाढत होता. "त्याले बाहेर काढा! जाळी टाकसूत त्यानं दुकान!" मी जादा बंदोबस्त मागवला, दोन शिपाई दुकानावर धाडले आणि पंचनामा पुन्हा वाचला. देवळाचे कुलूप शाबूत होते. चांदीने मढवलेले म्यान जागच्या जागी होते. चोर चांदी सोडून लोखंड नेत नाही. मग पाते नीट पाहिले. टोकाकडचा अर्धा भाग आरशासारखा, मुठीकडचा गंजून तांबूस. चोर ऐवज लपवतो, विकतो. घासत बसत नाही.

पडण्याआधी किल्ली म्हाताऱ्या पुजाऱ्यांकडेच असे, म्हणून मी तशीच नंदुरबारला निघाले. पुजाऱ्यांचा पाय प्लास्टरमध्ये होता. मी खुर्चीवर बसण्याआधीच त्यांनी विचारले, "घासाई गई का व माय?"

"अर्धी."

मग सगळे उलगडले. दरवर्षी जत्रेआधी ते स्वतःच्या हाताने तलवार शिकलगाराला देत आणि स्वतःच परत आणत. दोघांचे वडीलही हेच करत. कुठे बोलायचे नाही, हे वचन. यंदा परत आणण्याआधीच म्हातारे पडले.

"गंज चढस म्हनी कळनं, तं देवनी काय इज्जत ऱ्हाई?"

"आणि त्या माणसाची? तुम्ही बोलला नाहीत तर त्याचे दुकान राहणार नाही."

ते कोपरावर भार देऊन उठून बसले. मग म्हणाले, "लिखा."

संध्याकाळी ठाण्याच्या पायरीवर उभी राहून मी तो जबाब गावकऱ्यांना वाचून दाखवला. शिपायांनी काठ्या घट्ट धरल्या होत्या. पुढे उभी असलेली एक म्हातारी म्हणाली, "मंग? देव लढाले शे, घसाले थोडाच शे!"

कोणीतरी हसले. एक आजोबा म्हणाले, "मन्हा आजानी बी दखेल व्हतं. बोलानं नही, म्हनीसन बोलनूत नही." म्हणजे निम्म्या गावाला ठाऊकच होते! गर्दी पांगली. इतके हायसे मला नोकरीत फार कमी वेळा वाटले.

गुन्हा घडलाच नाही, असा अहवाल न्यायालयात पाठवला. दुसऱ्या दिवशी दुपारी तलवार परत देण्याचा आदेश मिळाला आणि पुतण्या म्यान घेऊन आला. त्याच म्हातारीने त्याला अडवले. "अर्धी गंजेलच शे ना रे! त्याले पुरी करू दे." शिकलगाराने ठाण्याच्या अंगणात लिंबाखाली बसून, सगळ्यांसमोर, उरलेले पाते घासले.

चोरीत काय गेले हे सगळेच विचारतात. काय राहिले हे आधी विचारावे. मी ते माणूस उचलल्यानंतर विचारले. कागदावर तो सुटला होता, पण बाजाराने त्याला जीपमध्ये बसताना पाहिले होते.

म्हणून पुढच्या दिवशी सकाळी, दुकाने उघडल्यावर, मी गणवेश चढवला, घरची विळी घेतली आणि चालत त्याच्याकडे गेले. रस्त्याकडे तोंड करून स्टुलावर बसले. त्याने पात्यावरून अंगठा फिरवला.

"मॅडम, हाई विळी शे का पट्टी? घरमा भाजी तोडीसन खातस का?"

"बोलू नका, धार लावा," मी म्हणाले, आणि धार लागेपर्यंत तिथून उठले नाही.