नागिणीवरचं गुलाबी लोशन

रिकामी बाटली धुऊन परत आणायची, असा आमच्या काळाचौकीच्या दवाखान्याचा नियम. बाटलीबरोबर पेशंट काहीतरी सांगूनही जायचा. सातवीनंतर शाळा सोडून मी तिथं कंपाउंडर झालो. बोलायला लाजायचो, म्हणून ऐकत बसायचो. असे किस्से साठत गेले. त्यातले हे नागिणीचे.

नागीण म्हणजे कमरेला नाहीतर छातीला पट्ट्यानं फोड उठतात, नुसती आग होते. तिचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस गेलाच, असं सगळी चाळ छातीठोकपणे सांगायची. आमचे डॉक्टर तेवढ्याच जोरात म्हणायचे, "जुळत नाही! एकाच बाजूला येते आणि कण्यापाशी थांबते. लोशननं आग कमी होईल, फोड आपोआप सुकतील."

*

पिण्याच्या औषधाच्या बाटलीला आम्ही कातरलेली कागदी पट्टी लावायचो. एक खूण, एक डोस. एकदा सवयीनं मी लोशनच्या बाटलीलाही पट्टी डकवली!

दुसऱ्या दिवशी मिलमधला एक जॉबर, म्हणजे मुकादम, हजर. "औषध झकास आहे हां. पण खडूसारखं लागतं!"

मी धावत डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी त्याला नीट तपासलं आणि ते माझ्याकडे वळले, "याची नागीण बाहेर आहे रे, आत नाही!"

*

चाळीतले तात्या नागिणीच्या तोंडापुढं मंत्र म्हणत गेरूची रेघ ओढून तिला अडवायचे. लोक लोशन न्यायला लागले तसे ते तणतणत आले. बाटली उजेडात धरली.

"रंग तर माझ्या गेरूचाच उचललात! आणि मंत्र कुठाय?"

"लावण्याआधी बाटली हलवावी," डॉक्टर म्हणाले. "हाच मंत्र!"

*

पार्वतीमावशी मिलमध्ये वाइंडिंगला, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात होती. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्रासाठी बायका दादरला सत्याग्रह करून अटक करून घेणार होत्या, आणि हिला नेमकी कमरेला नागीण! सासू म्हणाली, "उन्हात गेलीस तर तोंड जुळेल. उंबरा ओलांडायचा नाही."

मावशी दवाखान्यात आली. डॉक्टर व्हिजिटला गेलेले. मी खाली मान घालून लोशन कसं लावायचं ते सांगत होतो.

"मेल्या, बाटली मला देतोस की फरशीला? वर बघून सांग, मी जाऊ की नको?"

मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं बोललो, "जा मावशी! काही जुळत नाही!"

ती गेल्यावर माझ्या मनात आलं, डॉक्टर खोटे ठरले तर? दवाखाना तसाच टाकून मी तिच्यामागं दादर गाठलं.

*

पोलीस बायकांना गाडीत चढवत होते. मावशीचा नंबर आला, तेवढ्यात मागोमाग आलेली सासू गर्दीतून ओरडली, "हवालदार, हात लावू नका! नागीण झालीय तिला!"

हवालदार दोन पावलं मागं. "बाई, तुम्ही घरी जा. तुम्हाला सोडलं."

मावशीनं पदर खोचला आणि गाडीच्या पायरीवर पाय ठेवला.

"नागीण मला झालीय, मुंबईला नाही! सरका बाजूला!"