ढेकर येईपर्यंत

उजव्या हाताचा पंजा वर, डोळे मिटलेले, आणि तोंडून एकच शब्द, "थांबा." आमच्या सांगलीच्या शाळेत, शिक्षकांच्या खोलीत, मधल्या सुट्टीत हे रोज व्हायचं. त्याआधी खिशातून खाण्याच्या सोड्याची पुडी निघायची. चिमूटभर सोडा पाण्याच्या पेल्यात पडायचा, पेनच्या टोकाने ढवळला जायचा आणि सर तो एका दमात पिऊन टाकायचे. मग हात वर. आम्ही जे बोलत असू ते तिथंच तोडायचं. हेडमास्तरसुद्धा तोंडातला घास तोंडात ठेवून बसायचे. मग यायचा तो ढेकर, खिडकीची तावदानं हलवणारा! हात खाली यायचा. "विझलं बघा," सर म्हणायचे, आणि आमचं भांडण पुन्हा सुरू व्हायचं.

मुलं त्यांना सोडासर म्हणायची. मूळचे शिराळ्याचे, विज्ञान शिकवायचे. वर्गात अगदी छापील बोलत, पण खोलीत पाऊल टाकलं की, "आवं बाई, लय जळतंय वो आज!" बाई म्हणजे मी, मी मराठी शिकवायचे आणि माझी जीभ जरा तिखटच. पण त्यांच्या डब्यातल्या ठेच्यापुढे ती काहीच नाही.

"अहो सर, आग तुम्हीच लावता आणि तुम्हीच विझवता?"

"मग काय, दुसऱ्याला लावू देऊ व्हय?"

नववीच्या वर्गात त्यांचा तो प्रयोग असला की मी मागच्या बाकावर जाऊन बसायचे. टेबलावर काचेचं चंचुपात्र, त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल. "हे माझं पोट," सर सांगायचे. वर्ग खिदळायचा. निळा लिटमस बुडवला की लालभडक व्हायचा. मग सोडा पडायचा आणि फसाफसा फेस वर यायचा. "आम्ल आणि सोडा भेटले. मागे राहिलं मीठ आणि पाणी. हा वर येणारा वायू कार्बन डायऑक्साइड. पोटात झाला की त्याला ढेकर म्हणायचं." सोडा आणखी पडायचा, आणि लाल कागद पुन्हा निळा.

शेवटी हेच सगळं परीक्षानळीत करून ते वर बूच बसवायचे आणि नळी भिंतीकडे वळवून लांब उभे राहायचे. "वायूला वाट पाहिजे. वाट नसली तर?" फट्! बूच छताला. पोरं टाळ्या पिटायची. छताला तिथं पोपडे निघाले होते. टाळ्या थांबल्या की सर हळू आवाजात म्हणायचे, "एक लक्षात ठेवा. सोडा आहे तेवढंच आम्ल मारतो. नवीन आम्ल तयार होणं काही थांबवत नाही. चंचुपात्र मी एकदा भरलं, पोट रोज भरतंय." पोरांना त्यात काही वाटायचं नाही. मला मात्र दिसायचं, बोलताना त्यांचा हात खिशातल्या पुडीवर असायचा.

आणखी एक खोड सांगते. नागपंचमीला आपल्याकडे विळी उचलून ठेवतात. काही चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा चढवायचा नाही. शिराळ्यात तर त्या दिवशी गावभर नागांची मिरवणूक. पण हा शिराळ्याचा माणूस सणाला गावी जायचा नाही. मुद्दाम सांगलीत राहून शाळेत काकडी आणायचा, आमच्यासमोर चाकूने चिरायचा आणि फोडी वाटायचा. "घ्या बाई. नाग आला तर मी हाय की!" मी आपली फोड गुपचूप खिडकीत ठेवून द्यायचे. उगाच कशाला?

एका हिवाळ्यात साताऱ्याला विज्ञान प्रदर्शन होतं. परतताना एसटी स्टँडवर सर खांबाला धरून ओकले. काळं, कॉफीच्या गाळासारखं. त्यांनी घाईघाईने त्यावर पाणी ओतलं. "चहा बाधला," म्हणाले. तोंड चुन्यासारखं पांढरं पडलेलं, आणि म्हणे चहा! आम्ही त्यांना धरूनच मिरजेच्या डॉक्टरांकडे नेलं. पोटात अल्सर निघाला, रक्त जात होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ऑपरेशन करा, आणि सोडा आजपासून बंद. त्या जखमेवर गॅस भरू नका. त्याबदली एक पांढरं पातळ औषध दिलं.

सरांनी ती बाटली खोलीत आणून आम्हाला कौतुकाने दाखवली. "ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम. आम्ल मारतंय पण गॅस करत न्हाई. लय गुणाचं औषध हाय." आणि ठेवली कपाटावर. तिच्यावर धूळ बसली.

"घेत का नाही?" मी विचारलं.

"ढेकर येत न्हाई बाई. मग विझलं हे कळायचं कसं?"

पुडी खिशातच राहिली. आम्ही ओरडलो की दोन दिवस बंद, मग पुन्हा चालू. आता 'थांबा' आणि ढेकर यांच्यामधला वेळ वाढत चालला होता. पूर्वी त्या शांततेत आम्हाला हसू यायचं. आता मी पदर घट्ट धरून बसायचे.

ऑपरेशन पुढे पुढे जात राहिलं. परीक्षा होऊ दे, पेपर तपासून होऊ देत, ऊन उतरू दे. शेवटी डॉक्टरच चिडले आणि त्यांनी दिवस ठरवला. तो नेमका नागपंचमीचा निघाला. सर खदाखदा हसले. "योग बघा बाई! औंदा काकडीच्या जागी मीच." आम्हीही हसलो.

त्या सकाळी ड्रॉइंगचे मास्तर आणि मी, मास्तरांच्या भावाच्या जीपमधून मिरजेला गेलो. खाट रिकामी. "आलेच नाहीत," नर्स म्हणाली. सर चार दिवस आधीच गावी बायकोकडे गेले होते, म्हणून आम्ही तशीच जीप शिराळ्याला हाणली.

गावात मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. हलग्या, गुलाल, डोक्यावर नागांची मडकी. जीप वेशीबाहेर ठेवून आम्ही घर गाठलं. सर धुतलेला शर्ट घालून कट्ट्यावर बसले होते.

"या, या बाई! पुरणाची दिंडं खाऊन जावा."

"दिंडं कसली? तिकडं डॉक्टर तुमची वाट बघतायत!"

"आज चिरायचं नसतं बाई. आमच्यात पाळतात."

मी दारातल्या त्यांच्या बायकोकडे पाहिलं. हिनेच अडवलं असणार! तिचे डोळे रडून सुजले होते. "मी न्हाई वो बाई. पहाटे पिशवी भरून बसले हुते मी. ह्यास्नीच आज सण आठवला."

सर आपल्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "भ्या वाटतंय मला."

माझा राग कुठच्या कुठे गेला. काकडी चिरणारा हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा सणामागे लपला होता. त्यांचा हात धरावा असं फार वाटलं, पण तेव्हा आमच्यात तशी रीत नव्हती. मी नुसती शेजारी बसले. आम्ही सोबत येतो, तुम्ही शुद्धीवर येईपर्यंत हलत नाही, असं काय काय बोलत राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी मान हलवली. "चला. आत्ताच चला. फकस्त हे जळतंय तेवढं विझवतो."

"नका वो," बायको म्हणाली. पण पुडी निघाली होती. त्यांनी पेला रिकामा केला, डोळे मिटले आणि हात वर केला. "थांबा."

आम्ही थांबलो. बायको थांबली. रस्त्यावर हलग्या वाजत होत्या. ढेकर येईना. त्यांच्या कपाळावर घाम फुटला, पोटाशी धरलेला डावा हात आवळत गेला. मग त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. उत्तर येत असलेल्या पोरासारखं.

"बाई, वाट न्हाई त्याला," एवढंच म्हणाले आणि वाकडे झाले.

आम्ही त्यांना सतरंजीत घालून उचललं. ड्रॉइंगचे मास्तर बेंबीच्या देठापासून ओरडत होते. मिरवणूक बाजूला सरली, मडकीवाल्यांनीसुद्धा वाट दिली. जीप निघाली. पेठ नाक्याच्या अलीकडे बायकोने हंबरडा फोडला तेव्हा मला कळलं.

सुतक संपल्यावरची गोष्ट. मधल्या सुट्टीत वेळापत्रकावरून आमचं कडाक्याचं भांडण जुंपलं होतं. बोलता बोलता सगळे एकदम गप्प झाले. कुणी हात वर केला नव्हता. हेडमास्तरांचा घास तोंडातच होता. सगळे त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते, आणि पुन्हा बोलायला सुरुवात कुणी करेना. शेवटी तास सुरू झाल्याची घंटा झाली.